तिचा पेपर, माझं हमीपत्र

नोकरीला लागून दोन वर्षं झाली तेव्हा, मी आदर्श शिक्षक आहे याची एका माणसाला पुरती खात्री पटली होती. तो माणूस मी. बाकी कुणाला तसं वाटत असल्याचा पुरावा मिळत नव्हता, पण मी वाट बघत होतो.

शाळा वडवणीहून एसटीनं अर्ध्या तासावर. आठवी ते दहावी, पत्र्याचे चार वर्ग आणि एक ऑफिस. ऑफिसच्या भिंतीवर मागच्या सगळ्या वर्षांचे दहावीचे निकाल ऑइलपेंटनं रंगवलेले. मी इतिहास-भूगोल शिकवायचो. नव्वदीची मधली वर्षं ती. गावात एसटीडी बूथ आला होता, चार घरांत केबल आली होती, आणि बाजारच्या गावात झेरॉक्सचं एक मशीन आलं होतं, जे गाइडचं अख्खं पान काडेपेटीएवढं करून द्यायचं. आमच्या भागातल्या शिक्षणात त्या मशीननं जेवढी क्रांती केली तेवढी आम्ही सगळ्या मास्तरांनी मिळून केली नसेल.

त्या जूनमध्ये गावातला किराणा दुकानदार आपल्या पोरीला आठवीत घालायला घेऊन आला. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात पोरीचा हात. ती सातवीत असताना ताप डोक्यात गेला आणि दिसायचं बंद झालं. दोन वर्षं घरी बसली. "सर, शिकून काय करनार, ते मला बी कळंना," तो म्हणाला, "पन घरात बसून रडती लई. आन रडली न्हाई की भांडती. तवा म्हनलं, शाळेतच भांडू द्या."

पहिल्याच तासाला मी आपली थोरवी दाखवायचं ठरवलं. तिच्या बाकाजवळ गेलो, खाली वाकलो आणि एकेक शब्द सुटा करून, ग्रामपंचायतीच्या भोंग्यासारखा ओरडलो, "बाळ! तुला! काही! अडचण! आली! तर! सांग!"

ती दचकून मागे सरकली. मग शांतपणे म्हणाली, "सर, मला ऐकू येतं."

वर्ग खो खो हसला. मीही हसलो, जणू तिची परीक्षाच घेत होतो. पण खरं सांगतो, पुढं पंधरा दिवस तिच्याशी बोलायचं म्हटलं की माझा आवाज आपोआप वर चढायचा. डोळे गेले म्हणजे माणूस जरा दूर गेलं, असं मला कुठंतरी वाटत असणार.

दुसरी थोरवी ऑगस्टमध्ये. पंधरा ऑगस्टला पाहुणे येणार होते, स्वागतगीत कुणाला द्यायचं ते ठरत नव्हतं. मी स्टाफरूममध्ये म्हणालो, "तिला द्या. अशा मुलांचा गळा गोड असतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. ती माइकसमोर उभी राहिली आणि असं काही गायली की पहिल्या रांगेत बसवलेल्या, गावातल्या प्राथमिक शाळेच्या लेकरानं कानात बोटं घातली. पाहुणे मात्र रुमालानं डोळे पुसत होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, भाषणात तिला देवाची लेक म्हटलं आणि एक स्टीलचा डबा दिला.

कार्यक्रम संपल्यावर ती डबा घेऊन माझ्याकडे आली. "सर, मला गाता येत न्हाई. मला दिसत न्हाई, एवढंच."

"पण सगळ्यांना आवडलं," मी म्हणालो.

"सगळे खोटं बोलतेत. तुमी बी."

अशी होती. गोडबोली नव्हती, सोशिक नव्हती. हिंदीत कच्ची, इतिहासात पक्की, आणि वर्गात कोण कुणाच्या वहीतून उतरवतं ते तिला सगळ्यात आधी कळायचं. धाकटी बहीण संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर बसून तिला धडे वाचून दाखवायची. मी एका उन्हाळ्यात इतिहासाचं अख्खं पुस्तक टेपवर वाचून भरून दिलं. मोठ्या अभिमानानं कॅसेटी दिल्या. आठ दिवसांनी वर्गात तिनं राष्ट्रीय चळवळीचा परिच्छेद शब्दशः म्हणून दाखवला आणि मध्येच त्याच सुरात म्हणाली, "अहो, दूध उतू गेलं, तुम्हाला दिसत नाही का." ते वाक्य माझ्या बायकोचं. वाचताना मी टेप बंद करायचं विसरलो होतो.

ती दहावीत गेली आणि खरी गोष्ट सुरू झाली.

आमच्या हेडसरांना आयुष्यात एकच हौस होती. भिंतीवरच्या निकालांत एकदा शंभर टक्के रंगवायचं. त्यासाठी ते दर चतुर्थीला लिंबागणेशच्या गणपतीला जायचे आणि बाकीचे दिवस कच्च्या पोरांना शाळेबाहेर काढायचे. त्याची एक सोपी रीत होती. कच्च्या पोराला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. म्हणजे तो बाहेरून बसलेला विद्यार्थी. नापास झाला तर शाळेच्या निकालाला डाग नाही. बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा हेडसरांनी तिच्या वडिलांना बोलावून सतरा नंबरचा कागद पुढं केला.

"हिचं हित हाय यात," हेडसर म्हणाले. "आपल्या पोरांत बसवून कावून त्रास द्यायचा लेकराला?"

वडील सही करायला वाकले. पोरगी शेजारी उभी होती. "मी नापास झाले का चाचणीत?" तिनं विचारलं.

"न्हाई बाळ, पण बोर्डाची गोष्ट येगळी."

"इतिहासात मी वर्गात पहिली हाय. ज्याला माझ्याहून कमी हायेत त्याला कावून देईनात हा कागद?"

यावर हेडसर रागावले. आणि तिथं दाराशी उभा असलेला मी, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं, पुढं झालो. "सर, ती शाळेकडूनच बसेल. माझी जबाबदारी."

हेडसर चाणाक्ष. त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. "द्या लिहून."

मी लिहून दिलं. सदर विद्यार्थिनी अनुत्तीर्ण झाल्यास त्यास मी सर्वस्वी जबाबदार राहीन, वगैरे. सही, तारीख. बाहेर आल्यावर गणिताचे सर म्हणाले, "काय बे, येडा झाला का? पोरगी नापास झाली तर तुझी बदली थेट सीमेवर." मी हसलो. मला तेव्हा आपण फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. ती मात्र वर्गात परत जाऊन बसली होती. तिच्या शिक्षणाचा कागद माझ्या नावानं झाला होता आणि तिला त्यातलं एक अक्षर कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मग लेखनिकाची परवानगी. न दिसणाऱ्या मुलाचे पेपर दुसरं कुणीतरी लिहितं. तो लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला हवा, त्याची मंजुरी त्याच्या नावानं, फोटोसकट यायला हवी. या एका कागदासाठी मी कचेरीचे इतके खेटे घातले की तिथल्या चहावाल्याची उधारी चालू झाली. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. एकानं विचारलं, "पूर्ण आंधळी हाय का अर्धी?" दुसऱ्यानं विचारलं, "मग पास होऊन काय करनार?" तिसऱ्यानं तिला समक्ष आणायला लावलं, तिच्यासमोर कागद सरकवला आणि म्हणाला, "वाच आणि सही कर." मी तोंड उघडलं तोवर ती म्हणाली, "तुमीच वाचा ना साहेब, तुमाला येतंय ना वाचता?" त्या दिवशी काम झालं नाही. आणखी दोन खेटे.

लेखनिक म्हणून मी नववीतली एक पोरगी निवडली. धनगराची, गावाबाहेर वस्तीवर राहायची. शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची, कारण तिच्यासारखं अक्षर शाळेत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. हुशारही होती, आणि इथंच माझ्या डोक्यात पहिला किडा वळवळला. पण तो मी तेव्हा स्वतःलाही सांगितला नाही. तिचा बाप मेंढरं घेऊन फिरणारा, पोरीचा फोटो बोर्डाच्या कागदावर लागणार म्हणून हरखून गेला. "माझी पोरगी दहावीला बसायच्या आधीच दहावीचा पेपर लिवनार!" वस्तीत सगळ्यांना सांगत सुटला.

दोघींचा सराव सुरू झाला. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मोठी, म्हणजे दुकानदाराची, सांगायची आणि धाकटी, म्हणजे धनगराची, लिहायची. मोठी विरामचिन्हं सुद्धा सांगायची. "अठराशे सत्तावन्नच्या उठावाची कारणे, अपूर्णविराम. नवीन ओळ." धाकटीला ती ताई म्हणून हाक मारायला लावायची आणि चूक झाली की झापायची. धाकटी मला म्हणायची, "सर, ताई लई तापट हाय." पण दुसऱ्या दिवशी हजर.

मार्चमध्ये परीक्षा. केंद्र शेजारच्या मोठ्या गावात. पहिल्याच पेपरला केंद्राचा जो देखावा होता तो आमच्याकडच्या कुणालाही नवा नव्हता. भिंतीवर माणसं, झाडावर माणसं, खिडकीतून काडेपेटीएवढ्या चिठ्ठ्या. पोलिसाची शिट्टी वाजली की सगळे पांगायचे आणि शिट्टी संपली की परत. लेखनिक असलेली पोरगी आली म्हणताच एका पालकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, हे लेखनिकाचं कसं करायचं असतं? माझ्या पोराचा बी हात जरा दुखतोय."

मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान झालं. ती बाहेर आली की मी विचारायचो, ती म्हणायची, "जमलं." हिंदीला म्हणाली, "बघू." त्या "बघू"नं माझी झोप उडाली. हेडसर रोज भिंतीवर शंभर टक्क्यांसाठी राखलेल्या रिकाम्या चौकटीकडे बघत होते आणि मग माझ्याकडे. हिंदीत गेली तर? माझी सही डोळ्यांसमोर नाचू लागली. मग मी हिशेब केला, की इतिहासात भरपूर गुण आले तर एकूण बेरीज बघून बोर्ड हिंदीत दोन-चार गुणांची सवलत देईल. इतिहास तर माझाच विषय.

इतिहासाच्या आदल्या दिवशी मी धाकटीला शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं बोलावलं.

"हे बघ, ताई कुठं अडली, एखादं कारण विसरली, तर तू भर घालायची. तुला येतंय सगळं."

तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "सर, ताई रागावतील."

"तिला कसं कळणार? तिला दिसतं का?"

हे वाक्य मी बोललो. हीच जीभ. या माणसानं तीन वर्षं स्वागतगीतापासून कॅसेटीपर्यंत काय काय केलं होतं, आणि शेवटी मनात होतं ते हे.

पेपरच्या दिवशी मी केंद्रासमोरच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. विषयशिक्षकाला आत ड्यूटी नसते. तास-सव्वा तास झाला असेल, शिपाई पळत आला. "सर, चला. तुमच्या आंधळ्या पोरीनं गोंधळ घातलाय."

दोघींना एका कोपऱ्यातल्या खोलीत वेगळं बसवलं होतं. तिथं केंद्रप्रमुख, पर्यवेक्षक बाई आणि दोन शिपाई. धाकटी रडवेली. मोठी ताठ उभी, हात बाकावर आपटत. झालं असं होतं की मोठीनं एका उत्तरात तीन कारणं सांगितली आणि ती थांबली. पण पेन थांबलं नाही. कागदावर ते खरडत राहिलं. ती म्हणाली, "वाच." धाकटीनं तिनं सांगितलेलं तेवढंच वाचलं. मग तिनं पर्यवेक्षक बाईंना हाक मारली आणि वाचायला लावलं. बाईंनी भोळेपणानं पाचही कारणं वाचली.

"खोडा," मोठी म्हणाली होती. "शेवटली दोन माझी न्हाईत."

"अगं पण बरोबर आहेत ती," बाई म्हणाल्या.

"असतील. माझी न्हाईत."

बाईंनी केंद्रप्रमुखांना बोलावलं. केंद्रप्रमुख कपाळावरचा घाम पुसत होते. बाहेर भिंतींवरून चिठ्ठ्या पाऊस पडावा तशा पडत होत्या, आणि आत ही एक पोरगी बरोबर उत्तर खोडा म्हणून भांडत होती. त्यांच्या नोकरीत असलं प्रकरण आलेलं नव्हतं.

"बेटा, राहू दे ना," ते अजिजीनं म्हणाले. "भरारी पथक आलं तर लेखनिकाचं नाव खराब होईल, केंद्राचं होईल. तुझंच नुकसान. कुणाला काय कळणार आहे?"

"मला कळलं ना," ती म्हणाली.

मी आत आलो तसं तिनं चपलांच्या आवाजावरून तोंड माझ्याकडे केलं. "सर आले का? सर, हिला तुमी सांगितलं होतं का भर घालायला?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. केंद्रप्रमुख, बाई, शिपाई. धाकटी डोळे मोठे करून. मोठी एकटीच बघत नव्हती, आणि तिच्याचकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी कशाला सांगू?"

धाकटी एकदम ओक्साबोक्शी रडायला लागली. सरांनीच सांगितलं होतं, हे ती बोलू शकत होती. तिनं सांगितलं नाही. केंद्रप्रमुखांनी सुटकेचा निःश्वास सोडला, लाल पेननं दोन कारणांवर रेघ मारली आणि धाकटीला म्हणाले, "पुन्हा असं केलंस तर बोर्डाला कळवीन." पेपर पुढं सुरू झाला. अर्धा तास वाया गेला होता. तो कुणी भरून दिला नाही. शेवटचा दहा गुणांचा प्रश्न तसाच राहिला.

पेपर सुटल्यावर वडिलांचा हात धरून ती माझ्यासमोरून गेली. गणिताचे सर माझ्या कानात म्हणाले, "नशीब समज, थोडक्यात सुटलास." सगळ्यांना तसंच वाटत होतं. स्टाफमध्ये चर्चा झाली ती अशी, की पोरगी मूर्ख आहे. आयते मिळत होते गुण. एकानं तर मत मांडलं, की अशा मुलांना जरा घमेंडच असते. माझं डोकं तापत होतं, आणि कुणावर तापतंय ते मला नीट सांगता येत नव्हतं.

राहिला होता भूगोलाचा पेपर, दोन दिवसांनी. संध्याकाळी निरोप आला, धाकटीच्या बापानं सांगितलंय की पोरगी येणार नाही. "माझ्या पोरीला साहेबांसमोर चोर ठरवली. जाऊ द्या तुमचा पेपर." मंजुरी तिच्याच नावाची, तिच्याच फोटोची. दुसरा लेखनिक आणायचा म्हणजे पुन्हा कचेरीची सगळी टेबलं, आणि हातात एक दिवस. ती आली नाही तर भूगोल गेला, भूगोल गेला तर वर्ष गेलं. आणि पुढच्या वर्षी वाण्यानं तिला परत शाळेत पाठवलं असतं, असं मला वाटत नाही.

सकाळी मी दुकानावर गेलो. ती ओट्यावर बसली होती, बहिणीला हरभऱ्याची डाळ निवडायला सांगत. मी जमेल तेवढं सांगितलं. हमीपत्र, टाकीमागचं बोलणं, आत बोललेलं खोटं. वडील "शिव शिव" म्हणत गल्ल्यावर बसले. तिनं ओरडायला हवं होतं, मी त्याचीच तयारी करून गेलो होतो. ती म्हणाली, "कागद पेन हाय का?"

"आहे."

"मग लिहा. मी सांगते तसं."

मी दुकानातल्या तेलाच्या डब्यावर कागद ठेवला.

"प्रति, धाकटीचे वडील. स्वल्पविराम. नवीन ओळ. तुमच्या मुलीनं जे केलं ते मी तिला करायला सांगितलं होतं. पूर्णविराम. केंद्रावर विचारल्यावर मी खोटं बोललो. पूर्णविराम."

मी लिहीत होतो. आणि काय सांगू, तिथंही हात गप्प बसला नाही. "खोटं बोललो"च्या जागी मी लिहिलं, "परिस्थितीमुळे मला नाकारावे लागले." कागदी मराठी ही आम्हा मास्तरांची जुनी सोय.

ती थांबली. "वाचा."

मी वाचलं, तिनं सांगितलं होतं तसं. तोंडपाठ.

"सर, शब्द जास्त लिहिले तुमी. ऐकू आलं. ए, तू ये गं, वाच."

तिची बहीण, सातवीतली, डाळीचं सूप खाली ठेवून आली आणि माझं घाईतलं गिचमिड एकेक अक्षर लावत वाचू लागली. "प-रि-स्थि-ती..." वडील खाली बघत हसले, पहिल्यांदा. मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

मग वडिलांच्या लुनावर ती मागं, आणि मी शाळेच्या सायकलवर, असे आम्ही वस्तीवर गेलो. धाकटीचा बाप मेंढरांना पाणी पाजत होता. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणजे पत्र मलाच वाचून दाखवावं लागणार होतं. चार बाया, दोन म्हातारे, मेंढरं, सगळे गोळा झाले. मी वाचलं. बाप ऐकत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, तुमी असं बोल्लात का खरंच?"

"हो."

"आन माझी पोरगी रात्रभर जेवली न्हाई."

धाकटी छपराच्या दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर अजून एक बोल्ले होते. ते म्हनले, तिला कसं कळनार, तिला दिसतं का."

मोठी लुनाच्या सीटला धरून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. बघायला आता काहीच हरकत नव्हती, आणि तरी जमत नव्हतं.

"हे पत्रात न्हाई आलं," ती म्हणाली. "पेन हाय ना खिशात? लिहा."

मी मेंढरांच्या पाण्याच्या दगडी टाकीवर कागद ठेवून ते वाक्यही लिहिलं. अवतरणचिन्हात घाला म्हणाली. घातलं. परत वाचून दाखवलं. धाकटीच्या बापानं कागद घेतला, घडी करून पटक्यात खोचला आणि म्हणाला, "उद्या येईल ती."

त्या पत्राची बातमी गावभर झाली. हेडसरांनी मला मेमो दिला. त्यात लेखनिकाला चुकीची सूचना दिल्याचा उल्लेख नव्हता. आक्षेप असा होता, की शाळेची बदनामी होईल असा मजकूर मी स्वहस्ते लिहून दिला. मी खुलासा लिहिला. तो मेमो माझ्या सेवापुस्तकात राहिला आणि त्याखाली एकच शेरा, की भविष्यात असे लेखी देऊ नये.

पुढं ती पास झाली. हिंदीत काठावर, इतिहासात तिला हवे होते त्यापेक्षा पुष्कळ कमी. हेडसरांनी मला कधीच माफ केलं नाही, कारण त्या वर्षी दुसरी दोन पोरं नापास झाली, चिठ्ठ्या पुरवूनही, आणि भिंतीवरची चौकट रिकामीच राहिली. अजूनही गावात कुणी तिचा विषय काढला की म्हणतात, "तेवढं राहू दिलं असतं तर फर्स्ट क्लास होता पोरीचा." मी आधी वाद घालायचो. मग थकलो. ज्यांना तिनं काय वाचवलं तेच दिसत नाही, त्यांना कुठल्या चिठ्ठीवर लिहून दाखवणार?

पण मला सांगायचंय ते भूगोलाच्या पेपरचं. त्या दिवशीही मी समोरच्या हॉटेलात बसलो होतो. आतून शिपाई आला नाही. वेळ संपली, दोघी बाहेर आल्या, धाकटीनं मोठीचा हात धरलेला. दोघी भांडत होत्या.

"सर, बघा ना हिला," धाकटी लांबूनच ओरडली. "नकाशात पाच ठिकाणं दाखवायची होती. हिनं चार सांगितली. कांडला बंदर सोडून दिलं! मला येत होतं! पेन कांडल्यावरच होतं माझं!"

"आन मग?" मी विचारलं. आवाज परत वर गेला होता.

"मग काय, कोरं ठेवलं."

"मला आठवलं न्हाई," मोठी म्हणाली. "चार आठवले. बास."

मी उभ्या उभ्या तो एक गुण मोजला. लाज वाटली, पण मोजलाच. ती हात पुढं करून म्हणाली, "भूक लागली. भजी खायची का?" आणि आम्ही तिघं भिंतीवरच्या माणसांच्या खालून, अजून वाऱ्यावर उडणाऱ्या चिठ्ठ्या तुडवत, हॉटेलाकडं निघालो. धाकटी वाटभर कांडल्याचा राग काढत होती.